बाईंच्या टमाट्याच्या शेवया

अंबाजोगाईला लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. बाळाला न्हाऊ घालून धुरी देत होते, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. हा माणूस फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडं बोलत नाही. त्या दिवशी एकदम म्हणाला, "वहिनी गेल्या." मी विचारलं, "कुठं?" कारण या वहिनी, आमच्या बाई, कुठं जाणाऱ्यातल्या नव्हत्याच. गेवराईचा बाजार आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, तिथंसुद्धा त्या सणासुदीलाच जायच्या, तेही कुरकुर करत. मग कळलं. सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. निघताना याच बाईंनी माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू कोंबत म्हटलं होतं, "जा बिनघोर. मी काय पळून चाललीय का?" इतकी वर्षं मी यांच्या डोळ्यांसमोरून हलले नाही, आणि जरा घराबाहेर पडले तर यांनी डाव साधला. बीडच्या स्टँडवर गाडी लागेना, लागली तर सुटेना. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ऊन फार, किती थांबणार, असं जो तो मला समजावत होता. मला त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ घरादाराचे दादा, आणि त्यांच्या या बाई. दोन भावांचं एक घर, एक रान, एक चूल. भेटायला येणारी माणसं ओसरीवर बसून सुस्कारे टाकायची आणि म्हणायची, "लई गरीब बाई व्हती. कधी कुणाला उलटा शब्द न्हाई." मी आत पदराआड दात खात बसलेली असायचे. अहो, कुणाबद्दल बोलताय तुम्ही? उलट्या शब्दांशिवाय त्या बाईचा चहा उकळत नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा बीडच्या कॉलेजातून बी. ए. झालेली. पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकताना तिची पार दैना झाली. बाईंनी ती उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बी. ए. झालीस म्हणं. त्यात भाकरीचा पेपर नव्हता का?" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि बाईंनी मला आग्रहही केला नाही. दुपारी फक्त माझ्यापुढं पिठाची परात सरकवली. "थाप," म्हणाल्या. ही अशी बाई. आणि गेल्याबरोबर लोकांनी तिची गरीब गाय करून टाकली. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलावं हे मला कळतं, पण मग बोलावं तरी त्याच माणसाबद्दल ना!

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, तिच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं भायाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नसतं. समोर आले तर डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचं. मला हे सगळं खुळेपणाचं वाटायचं. लग्नानंतर महिना-दोन महिन्यांतच मी एकदा धीर करून ओसरीत गेले आणि विचारलं, "दादा, चहा घेता का?" दादा बसल्या जागेवरून असे उठले की जणू खाली विंचू निघालाय. टोपी तिथंच राहिली आणि ते तडक रानात. सासूबाईंनी दिवसभर तोंडाचा पट्टा सोडला. संध्याकाळी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "कावून जीव काढायलीस?" म्हणाल्या. "त्यांला काय सांगायचं ते मला सांग. मी हाय की मधी." आणि त्या खरोखर मधे बसल्या. स्वयंपाकघराच्या दाराला लागून त्यांचा पाट असायचा. तिथून त्यांना आत मी दिसायचे आणि बाहेर जेवायला बसलेले दादा दिसायचे. मी जे बोलायचे ते दादांना स्वच्छ ऐकू जायचं. दादा बोलायचे ते मला. तरी बाई प्रत्येक निरोप पुन्हा सांगायच्या. दादा म्हणायचे, "धाकलीला म्हणावं, भाकरी चांगली झालीय." बाई माझ्याकडं वळून म्हणायच्या, "भाकरी खाण्याजोगी झालीय म्हणतेत." तारीफ त्यांच्या हातून जाताना नेहमी जरा कापली जायची.

भांडण मात्र त्या उलटं करायच्या. माझ्या लेकीला नर्सिंगला अंबाजोगाईला घालायचं ठरलं, तेव्हा दादांचा साफ नकार. पोरीची जात, एवढ्या लांब, लोक काय म्हणतील... मी आत भाकरी थापत होते. संतापून ओरडले, "बाई, त्यांना सांगा, माझी पोरगी शिकणार म्हणजे शिकणार. कुणाला इचारायची गरज न्हाई मला!" बाहेर घास थांबला. हे शब्द दादांनी ऐकले होते, शेजाऱ्यांनीही ऐकले असतील. बाई शांतपणे बाहेर वळल्या. "ती म्हणतीय," बाई म्हणाल्या, "थोरल्यांनी हो म्हणलं तरच पोरगी शिकंल, न्हाईतर न्हाई." मी परातीवर हात तसाच ठेवून बघत राहिले. दादांनी घास गिळला. मग म्हणाले, "तसं आसंल तर जाऊ द्या तिला." इतका उघड खोटेपणा मी जन्मात पाहिला नव्हता! पण त्या खोट्यावर माझी लेक आज तिथल्या दवाखान्यात नोकरी करते. मी त्याबद्दल बाईंचे आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "तोंड जरा आवरत जा. तू फाडतीस, मला किती शिवावं लागतं."

टमाट्याच्या शेवया त्याच्याही आधीच्या. एका वर्षी आम्ही टमाटे लावले आणि बाजारात त्याला कुणी विचारेना. भरलेले कॅरेट तसेच घरी परत आले. बाईंनी टमाट्याची चटणी केली, सार केलं, पिठल्यात टमाटे, वरणात टमाटे. शेवटी एक दिवस त्यांनी शेवयांचा पत्र्याचा डबा काढला. शेवया म्हणजे आमच्याकडं गोडाच्या. दूध, गूळ, वरून तूप. पण तेव्हा दूध सगळं डेअरीला जायचं. बाईंनी शेवया थेंबभर तेलावर लालसर भाजून बाजूला काढल्या. कढईत जिरं, ठेचलेला भरपूर लसूण आणि लाल मिरची. उकळत्या पाण्यातून काढून साल सोललेले टमाटे हातानंच कुस्करून त्यात टाकले. चमचाभर येसर घातलं, म्हणजे आमटीला लावतो ते भाजक्या डाळी-मसाल्याचं पीठ. रस उकळला की शेवया, वर झाकण आणि शेवटी गुळाचा खडा. सासूबाई ओरडल्या, "देवाच्या शेवयाला लसूण लावायली ही बया!" त्यांनी ते शेवटपर्यंत तोंडाला लावलं नाही. माझ्या नवऱ्याला मुतखड्याचा त्रास, त्याला डॉक्टरांनी टमाटेच बंद केलेले. पण दादांनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि बाहेरून निरोप आला, "उद्याबी कर म्हणावं." तेव्हापासून आमच्या घरात काही नसलं की टमाट्याच्या शेवया. पुढं पोरं टीव्ही बघून त्याला पास्ता म्हणायला लागली. बाईंचा मुलगा सुनील पुण्याला नोकरीला लागला, त्यानं एकदा खऱ्या पास्त्याचं पाकीट आणलं, पिळाच्या नळ्या. बाईंनी त्या शेवयासारख्याच पाच मिनिटं शिजवल्या आणि एक चावून बघितली. "ह्ये खायाला आधी बत्ता लागतो का?" म्हणाल्या, आणि उरलेलं पाकीट सुनीलच्या पोराला खेळायला दिलं.

हे सगळं लिहायला आता बरं वाटतंय, पण बाईंचं तेरावं झाल्यानंतरचे दिवस मला कुणी पुन्हा दाखवू नयेत. सुनील पुण्याला परत गेला आणि इकडं दादांचं जेवण सुटलं. हट्ट नाही, रुसवा नाही. वेळेवर येऊन बसायचे, दोन घास खायचे आणि ताट हळूच पुढं सरकवायचे. सदऱ्याच्या बाह्या हातावर लोंबायला लागल्या. सुनीलचा रोज फोन, "काकू, दादा जेवले का?" आणि मग एक दिवस, "जेवत नसले तर मी त्यांना इकडंच घेऊन येतो. गाडी करून येतो आठवड्यात." पुण्याला कुठल्यातरी मजल्यावर, दार बंद करून, दिवसभर हा माणूस काय करणार? ज्यानं आयुष्यात रानाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही... बाई गेल्या तर गेल्या, आता त्यांच्यामागं दादाही या घरातून निघणार? मी ठरवलं, यांना जेवायला घालायचंच. आणि त्यांना आवडणारी एकच गोष्ट मला ठाऊक होती.

डब्यात बाईंच्या हातच्या शेवया अर्ध्याहून कमी उरल्या होत्या. शेवयांच्या पाटावर हातानं ओढलेल्या, केसासारख्या बारीक. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर शेवया, कुरडया, पापड काही घालत नाहीत. नात्यातल्या बायका आणून देतात, पण त्या मशीनच्या. बाईंच्या त्या बाईंच्याच, आणि ही रीत नसती तरी पुन्हा ओढायला बाई कुठं होत्या? मी जपून मूठभर काढल्या. सगळं बाईंसारखं केलं. दादांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. दुसऱ्या खेपेला लसूण वाढवला. पुन्हा तेच. मग येसर कमी केलं, मग गॅस सोडून चुलीवर केलं, मग अडगळीतून बाईंची जुनी लोखंडी कढई काढून घासून घासून माझी बोटं सोलली. दर खेपेला मी दाराआडून बघत राहायचे आणि दर खेपेला ते ताट तसंच पुढं यायचं. अहो, काय कमी आहे ते तरी सांगा! पण सांगणार कसे? मी विचारायचं नाही, त्यांनी बोलायचं नाही. मधली बाई निघून गेली होती आणि आम्ही दोघं दोन काठांवर.

नवऱ्याला म्हटलं, "विचारा ना तुमच्या भावाला." तो गेला. मी आतून ऐकत होते. "दादा, जेवण कसं हाय?" "बरं हाय." "बरं." झालं! आत येऊन मला म्हणतो, "बरं हाय म्हणला." मी म्हणाले, "बरं हाय तर ताटात कावून ठेवलंय?" तर म्हणे, "आता ते मी कसं इचारू?" हे दोघं सख्खे भाऊ. पाऊस आणि सोयाबीन याखेरीज यांनी एकमेकांशी काही बोललेलं मला आठवत नाही. आणि दादा तरी त्याला काय सांगणार होते? धाकट्या भावाच्या बायकोच्या हाताला नाव ठेवायचं, तेही त्याच भावापाशी? मरतील, पण असं करायचे नाहीत. शेवटी सुनीलला फोन लावला. "आठव रे, तुझी आई काय घालायची त्यात?" तो म्हणाला, "काकू, सगळं तुम्ही सांगताय तेच. शेवटी गूळ घालायची, गोडसर असायचं ना." गूळ तर मी पहिल्यापासून घालत होते! चांगला बोराएवढा खडा. रस आटत आला की बाई तो हातानं चुरून टाकायच्या, हे मी भाकरी थापता थापता इतक्या वेळा पाहिलं होतं की झोपेतही केलं असतं.

सुनील यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी डबा पालथा केला. ताटात पडल्या त्या शेवटच्या. चुरा झालेल्यासुद्धा वेचून घेतल्या. चूल पेटवली, टमाटे सोलले, लसूण ठेचला, एकेक गोष्ट बाईंच्या हातानं केल्यासारखी केली आणि शेवटी गूळ. ताट वाढून बाहेर सरकवलं आणि दाराआड उभी राहिले. दादांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. आणि ताट पुढं आलं.

माझं डोकंच फिरलं. मी आत वळले, समोर बाईंचा पाट होता, कुणी उचलला नव्हता, आणि मी त्या रिकाम्या पाटावर तुटून पडले. "बाई! निघून गेलात ना खुशाल? आता इचारा त्यांना काय कमी हाय ते! मी काय करू? लसूण झाला, चूल झाली, तुमची ती मेली कढई झाली, तुमच्या शेवया संपल्या! उद्या पोरगा घेऊन चाललाय त्यांना, तुमाला काही हाय का त्याचं? इचारा ना, मधी बसायची लई हौस व्हती ना तुमाला!" बोलता बोलता माझा आवाज फाटला. शेजारीण भांडी घासता घासता थांबली. चुलीतलं लाकूड तडतडलं.

आणि ओसरीतून दादांचा आवाज आला. माझ्याशी नव्हे. त्यांनी दाराजवळच्या बाईंच्या पाटाकडं तोंड करून, नेहमी बोलायचे तसंच हळू म्हटलं, "धाकलीला म्हणावं... गूळ नको माझ्यात."

मी दाराजवळ सरकले.

"मला आंबट लागतं," दादा म्हणाले. "माझं ताट तू गुळाच्या आधी काढायचीस. गूळ धाकलीसाठी आसायचा. नवी आल्ती तवा एकदा म्हणली, आंबटानं दात सळसळतेत. तवापासून मागचं समदं गोडच करायचीस तू." पुढं म्हणाले, "तिला ठाव नसंल."

नव्हतंच ठाऊक. आमच्या घरात पुरुषांची ताटं आधी, बायका-पोरं मागून. दादांच्या ताटातलं मी कधी चाखलंच नव्हतं. आंबटानं दात सळसळतात, असं मी कधी म्हणाले असेन, तेही मला आठवत नाही. नवी नवरी होते, काहीतरी बोलून गेले असेन. इतके दिवस मी दादांची शेवई म्हणून रांधत होते ती माझी होती.

"बाई," मी म्हणाले, "त्यांना म्हणावं, आता शेवया न्हाईत. ह्या शेवटच्या व्हत्या. गूळ पडलाय."

"मग तिच्याच हायेत त्या," ओसरीतून आलं. "तिला खा म्हणावं. मला नुसतं टमाट्याचं कोरड्यास दे, भाकरी कुस्करतो."

मी पुन्हा कढई चढवली. टमाटे, लसूण, येसर, आणि गुळाचा डबा हातानं लांब सारला. कोरड्यासाचं, म्हणजे नुसत्या पातळ रश्शाचं, ताट बाहेर गेलं, वर दोन भाकरी. मग दादांचं ते परत आलेलं ताट पुढं ओढून मी पाटाशेजारी खाली बसले आणि घास घेतला. आंबट अजिबात लागलं नाही. मला रडू आलं, पण त्याच्याही आधी राग आला, असा की समोर असत्या तर हात धरून हलवलं असतं. सकाळ-संध्याकाळ मला बोल लावले, माझ्या भाकऱ्यांना नावं ठेवली, माझ्या तोंडाला, माझ्या डिग्रीला. आणि एवढी एक गोष्ट इतक्या वर्षांत एकदा सांगता आली नाही? भांडायला तरी मिळालं असतं. उलट म्हणाले असते की बाई, कशाला करता, मी आंबट खाईन... आता कुणाला म्हणू?

बाहेर भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग रश्शाचा भुरका. मग पुन्हा. मी डोळे पुसले आणि पाटाकडं बघून विचारलं, "बाई, त्यांना विचारा, आणखी भाकरी टाकू का?"

बाहेरून आणखी एक भुरका ऐकू आला.

"अर्धी म्हणावं," दादा म्हणाले.